खेळणाऱ्याच्या मागे उभे राहून

१९७८ साली जपानमधल्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा गेम तयार करत होते. पडद्यावर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा जण, आणि खाली खेळणाऱ्याची एकुलती एक तोफ. त्या काळच्या प्रोसेसरला पंचावन्न आकृत्या भराभर हलवणे झेपत नसे, म्हणून सुरुवातीला ही फौज संथपणे सरके. खेळणारा एकेक शत्रू टिपू लागला की रेखाटायच्या आकृत्या कमी होत आणि उरलेल्यांचा वेग आपोआप वाढे. शेवटचा एकटा राहिला की तो नुसता धावत सुटे. निशिकादो यांनी हे पाहिले आणि तसेच राहू दिले. आता जिंकतच आलो असे वाटावे आणि नेमकी तेव्हाच छातीत धडधड वाढावी, असा खेळ त्यातून जगाला मिळाला.

प्रोग्रामरच्या हिशेबाने ती यंत्राची मर्यादा होती आणि वेग सर्वत्र सारखा ठेवून ती झाकता आली असती. निशिकादो यांचे लक्ष मात्र खेळताना माणसाला काय होते तिकडे होते. गेम डिझाइन विद्यापीठात शिकायचे म्हणजे मुख्यतः हे लक्ष देणे शिकायचे, असे माझे मत आहे. बाकीचे सारे, आणि ते पुष्कळ आहे, त्याच्या आधाराने उभे राहते. या विषयाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांचे, तसेच आपले मूल नक्की काय शिकणार आहे या काळजीने ही पाने चाळणाऱ्या आईवडिलांचेही येथे मनापासून स्वागत.

कादंबरीकार वाक्ये लिहितो, दिग्दर्शक दृश्ये रचतो. गेम डिझायनर नियम रचतो आणि बाजूला होतो. प्रत्यक्ष खेळ घडतो तेव्हा तो तेथे नसतो. घडवणारा असतो खेळणारा. साध्या नियमांतून केवढे नाट्य उभे राहू शकते हे पाहायला संगणकच हवा असेही नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२० पाने. यातली खुबी अशी की पाच रंगांत दश्शी मोठी धरतात आणि खाली एक्क्यापर्यंत उतरत येतात, तर उरलेल्या पाच रंगांत हाच क्रम उलटा असतो. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची. हुकूम नाही. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या लक्षात राहते त्याचे पारडे जड. क्रम उलटा करण्याचा तो एक नियम काढून टाका, पाने तीच राहतील, लाखकामाची चित्रे तशीच सुंदर दिसतील, पण स्मरणाचा ताण सैल पडेल आणि डाव वेगळाच होईल. ज्याने कुणी हा नियम पहिल्यांदा घातला त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. तो आपल्या विषयातला मोठा माणूस होता हे मात्र मी वर्गात आवर्जून सांगतो.

नियम आणि अनुभव यांच्यातला हा संबंध मांडणारा एक छोटा निबंध रॉबिन हुनिकी, मार्क लब्लाँ आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ मध्ये लिहिला. त्यांच्या मांडणीत तीन थर आहेत: नियम, ते चालू झाल्यावर दिसणारे वर्तन, आणि त्यातून खेळणाऱ्याला येणारी भावना. डिझायनरचा हात फक्त पहिल्या थरापर्यंत पोहोचतो. खेळणाऱ्याला मात्र आधी तिसरा थर जाणवतो. त्याला भीती वाटते, मजा वाटते, कंटाळा येतो. त्यामागचा नियम त्याला दिसतही नाही. ही मांडणी अपुरी आहे असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे काही आक्षेप रास्त आहेत. तरीही नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या सहा महिन्यांत इतका उपयोगी पडेल असा दुसरा आराखडा मला सापडलेला नाही.

या विषयाचा वैचारिक वारसा व्हिडिओ गेमपेक्षा जुना आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांचे ‘होमो लुडेन्स’ हे पुस्तक १९३८ चे. खेळ हा संस्कृतीचा अलंकार नसून संस्कृतीच खेळातून घडते, असा त्यांचा दावा होता. फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये त्याला उत्तर दिले आणि खेळांचे चार स्वभाव सांगितले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. आपल्याकडचा कबड्डीचा डाव, सारीपाटाचे दान, भातुकली आणि फुगडी हे चारही त्या चार घरांत जाऊन बसतात. हाउझिंगा वाचताना मन उंचावते, पण प्रत्यक्ष काम करताना काय्वा अधिक हाताशी येतात. पुढे १९९७ मध्ये जॅनेट मरी आणि एस्पेन आर्सेथ यांची दोन महत्त्वाची पुस्तके निघाली आणि गेम ही कथा मानायची की नियमांची रचना, यावर काही वर्षे जोरदार वाद झाला. त्या वादाची धग आता ओसरली आहे. परीक्षेपुरता तो माहीत असावा.

थांबून पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. नियम मत मांडू शकतात. अमेरिकेतल्या लिझी मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या पटखेळाचे पेटंट मिळवले. त्या अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या विचारांच्या होत्या. जमीन मूठभरांच्या हाती गेली की भाडे भरता भरता बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना खेळातून समजावे अशी त्यांची तळमळ होती. पुढे त्यांच्या खेळात नियमांचे दोन संच आले. एका संचात मालक गब्बर होत जाई आणि इतर बुडत, दुसऱ्यात संपत्ती वाढली की लाभ सगळ्यांना मिळे. लोकांनी पहिला संच उचलला. हातोहाती फिरत, बदलत गेलेला तोच खेळ १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरो यांच्या नावाने ‘मोनॉपली’ म्हणून बाजारात आणला. मॅगी यांच्या पेटंटचे त्यांना ५०० डॉलर मिळाले. मक्तेदारीचा धोका दाखवायला केलेला खेळ मक्तेदार होण्याचा आनंद देणारा खेळ म्हणून जगभर पोहोचला. इथे अभ्यासकाने विचारायचा प्रश्न असा: लेखिकेचा हेतू इतका स्पष्ट असताना खेळणाऱ्यांना दुसऱ्याला दिवाळखोर करण्यातच गोडी का वाटली? उत्तर लोकांच्या स्वभावात शोधण्याआधी नियमांत शोधावे. कोणती कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते, कोणत्या कृतीला लगेच फळ मिळते, हे तपासावे.

असाच प्रश्न शंभर वर्षांनी जेनोव्हा चेन यांच्यापुढे उभा राहिला. शांघायमध्ये वाढलेले चेन दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागात गेम शिकले. ‘फ्लो’ हा त्यांच्या प्रबंधाचा भाग म्हणून तयार झालेला गेम २००६ मध्ये आला. २०१२ च्या ‘जर्नी’ या गेममध्ये वाळवंटातून चालणाऱ्या दोन अनोळखी प्रवाशांची भेट होते. नाव कळत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. या दोघांत आपुलकी निर्माण व्हावी अशी कल्पना होती. सुरुवातीच्या आवृत्तीत प्रवासी एकमेकांना धक्का देऊ शकत, म्हणजे अवघड जागी हात देता यावा. प्रत्यक्षात खेळणारे सोबत्याला ढकलून संकटात पाडू लागले. चेन यांनी खेळणाऱ्यांना दोष दिला नाही. धक्क्याला पडद्यावर ठसठशीत प्रतिसाद मिळत होता, म्हणून लोक धक्का देत होते. संघाने धक्का काढून टाकला आणि दोघे जवळ आले की दोघांच्या उपरण्यांत बळ भरेल असा नियम केला. तीच माणसे आता एकमेकांसाठी थांबू लागली.

हा बदल सुचला तो लोकांना खेळताना पाहिल्यामुळे. याला धंद्यात प्लेटेस्ट म्हणतात, आणि या अभ्यासक्रमात तुम्ही सर्वांत जास्त वेळा जे कराल ते हेच असावे. पद्धत साधी आहे, पाळायला कठीण. अर्धवट, ओबडधोबड खेळ तयार करा. कागदाची पाने, फासा आणि चिंचोके पुरतात. ज्याने तो कधी पाहिलेला नाही अशा माणसाला बसवा आणि त्याच्या मागे, थोडे बाजूला, उभे राहा. समजावून सांगू नका. तो अडखळला तरी बोट दाखवू नका. कुठे थांबला, काय दोनदा दाबले, कुठे पुढे वाकला, कुठे मोबाइलकडे पाहिले, ते लिहा. खेळ झाल्यावर त्याला विचारा, पण त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या हातांवर अधिक विश्वास ठेवा. ‘छान होता’ असे आपल्याकडे कुणीही म्हणते. आपली माणसे भिडस्त आहेत. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना गप्प राहणे अशक्य होते, ‘अरे, तिकडून नाही, डावीकडून जा’ हे तोंडातून निघतेच. तुमचा गेम विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही डावीकडे जा सांगायला नसणार. सांगावे लागले तर त्या जागी खेळात काहीतरी कमी आहे. शिगेरू मियामोतो यांच्या १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला पहिला टप्पा या दृष्टीने पुन्हा खेळून पाहा. पेटीतून निघालेले अळंबे उजवीकडे सरकते, पाइपवर आदळते आणि उलटे फिरून खेळणाऱ्याकडेच येते. घाबरून टाळू पाहणाऱ्यालाही ते बहुधा लागते आणि लागल्यावर आपण मोठे होतो हे कळते. एका अक्षराची सूचना नाही.

आता ‘डेव्हलपमेंट’कडे वळू. गेम सेकंदाला ६० चौकटी दाखवत असेल तर एका चौकटीसाठी यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण वाचायचे, पात्रे हलवायची, टक्कर झाली का पाहायचे, चित्र काढायचे आणि आवाज काढायचा. ही शिस्त अंगी बाणवायला संगणकशास्त्र नीट यावे लागते, त्याला पळवाट नाही. गणितही लागते. बारावीत सदिशांचा अदिश गुणाकार शिकताना याचा उपयोग काय असे ज्यांना वाटले असेल त्यांनी पहारेकऱ्याला चोर दिसतो की नाही हे ठरवणारा कोड लिहून पाहावा. दोन ओळींत तो गुणाकार येतो. पण इथेही माणूस सुटत नाही. कड्यावरून उडी मारणारा खेळाडू कडा संपल्यावर क्षणभर उशिरा बटण दाबतो आणि आपण वेळेवर दाबले अशी त्याची खात्री असते. म्हणून २०१८ च्या ‘सेलेस्ट’सारख्या गेममध्ये कडा सुटल्यावरही काही चौकटींपर्यंत उडी मान्य करतात; याला कायोटी टाइम म्हणतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे खोटे आहे. खेळणाऱ्याला मात्र तेव्हाच खेळ न्याय्य वाटतो.

आपल्या विद्यार्थ्यांना एक खास अडचण येते, तिच्यावर मी मुद्दाम वेळ घालवतो. मराठीत गेम करायला घेतला की पहिल्याच दिवशी ‘किल्ला’ हा शब्द पडद्यावर मोडून पडतो. पहिली वेलांटी ‘क’च्या आधी यायच्या ऐवजी नंतर लटकते आणि जोडाक्षरातल्या ‘ल’चा पाय मोडलेला दिसतो. युनिकोडमध्ये अक्षरे साठवण्याचा क्रम आणि ती कागदावर मांडण्याचा क्रम वेगळा आहे, आणि मांडणीचे काम करणारा भाग गेम तयार करण्याच्या सगळ्या इंजिनांत नसतो. युनिटीतला लोकप्रिय टेक्स्टमेश प्रो तो करत नाही. गोडो ४ आणि अनरियल ते हार्फबझ या मुक्त लायब्ररीच्या साहाय्याने करतात. पुष्कळ जण इथे कंटाळून इंग्रजीवर जातात. जाऊ नका. ही अडचण सोडवताना फाँट, लिपी आणि सॉफ्टवेअर यांचे जे ज्ञान होते ते सहजी मिळत नाही, आणि मराठीत वाचणाऱ्या मुलाला स्वतःच्या लिपीत खेळता येणे ही तुमच्या कामाने होणारी खरी भर आहे.

मग साधन कोणते शिकायचे, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच येतो. जे समोर असेल ते शिका, पण त्यावर आयुष्य बांधू नका. एका पिढीने फ्लॅशवर हजारो गेम केले. अ‍ॅडोबीने २०२० अखेर फ्लॅशचा आधार काढून घेतला. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याची घोषणा केली, जगभरच्या छोट्या स्टुडिओंत घबराट पसरली आणि वर्षभरात ते शुल्क मागे घ्यावे लागले. विद्यापीठाने एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण केंद्र होऊ नये. जुने गेम जपणे हेही याच कारणाने आपले काम आहे. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा विकत मिळत नव्हते. आपल्या ग्रंथालयांनी जुनी यंत्रे आणि कॅसेटी सांभाळल्या तर पुढच्या अभ्यासकांना काहीतरी हाती लागेल.

विद्यापीठ आणि गेम यांचे नाते खूप जुने आहे. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ लिहिला तो कुणी मागितला म्हणून नव्हे. रिकाम्या वेळात यंत्राची ताकद अजमावण्याची ती हौस होती. पदवीचे शिक्षण मात्र फार उशिरा आले. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या अ‍ॅबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये संगणक गेमची पदवी सुरू केली. अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या काही विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ हा छोटा प्रकल्प केला. दोन दारे, एकातून आत शिरले की दुसऱ्यातून बाहेर. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहिला, संपूर्ण संघाला नोकरीवर घेतले आणि २००७ मध्ये ‘पोर्टल’ आला. पगारी नोकरीत या विचित्र कल्पनेवर कुणी महिनोन्महिने काम करू दिले असते का, याची मला शंका आहे. फसले तरी चालेल असा वेळ विद्यापीठ देऊ शकते. तुम्ही तो मागून घ्या.

आपल्याकडे हे क्षेत्र नवे आहे, पण पोकळी नाही. आयआयटी मुंबईतले आयडीसी १९६९ पासून डिझाइन शिकवते आहे. मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था २०२५ मध्ये सुरू झाली. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स काढली तेव्हा शिकवणारे कुणी नव्हते, लोक एकमेकांकडून शिकले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. बेपत्ता भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल, पहाडी चित्रशैलीची छटा, कथानकासाठी छायाबाहुल्या. त्या वर्षी द गेम अ‍ॅवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होते. युबिसॉफ्टचा स्टुडिओ आणि ‘इंडस’ करणारी सुपरगेमिंगही पुण्यातच आहेत. पालकांनी हे ऐकून लगेच निर्धास्त होऊ नये. भारतातले बरेच काम परदेशी गेमसाठी चित्रे आणि प्रतिमाने पुरवण्याचे आहे, २०२३ पासून जगभर मोठी नोकरकपात झाली आहे आणि गेम पूर्ण करताना महिनोन्महिने रात्री जागवण्याची वाईट सवय या धंद्याला आहे. पदवीनंतर पहिली नोकरी मिळायला वेळ लागू शकतो. ज्यांच्याजवळ पूर्ण झालेले दोन-तीन छोटे खेळ आणि त्यांच्या प्लेटेस्टच्या नोंदी असतात ते उजवे ठरतात. एकच प्रचंड अर्धवट प्रकल्प दाखवणाऱ्यांची वाट बिकट असते.

एक विषय मला फार जवळचा आहे. खेळणाऱ्याकडे लक्ष देण्याची विद्या त्याला लुटण्यासाठीही वापरता येते. नताशा डाउ शूल यांनी लास व्हेगासच्या जुगारयंत्रांवर २०१२ मध्ये लिहिलेले पुस्तक वाचा. माणूस खुर्चीतून उठूच नये म्हणून बटणे, दिवे आणि आवाज किती बारकाईने बसवले जातात ते कळते. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे टाकून उघडायच्या लूट बॉक्सना जुगार ठरवले. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन देणारा कायदा केला. कायदा आपल्या जागी राहील. पण खेळणाऱ्याला लुटणारे बटण बसवायला सांगितले जाईल तेव्हा तुम्ही एकटे संगणकासमोर असाल, आणि त्या बटणाने समोरच्याचे काय होते हे तुम्हाला या शिक्षणामुळे इतरांपेक्षा चांगले माहीत असेल. नकार कसा द्यायचा, पर्याय कसा मांडायचा, याचीही तालीम वर्गात व्हायला हवी. दिसण्याऐकण्यात अडचण असलेल्यांसाठी गेम खुला करणे हीही त्याच लक्ष देण्याची दुसरी बाजू. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये २०२० साली अशा साठहून अधिक सोयी होत्या.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करून या. सापशिडीचा पट घ्या. तिचा पूर्वज मोक्षपट. त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा आपल्याकडे आहे, पण त्याला पक्का पुरावा नाही. त्या पटावर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असत, शिड्यांपेक्षा साप जास्त असत, आणि खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नसे, सगळे फाशावर. मोक्षाच्या शिकवणीला ते शोभून दिसे. तुम्ही आता त्यात एकच नियम असा घाला की खेळणाऱ्याला प्रत्येक पाळीला काहीतरी ठरवावे लागेल. नियम एका वाक्यात लिहा. घरातल्या एका लहान मुलाला, एका मोठ्या माणसाला आणि एका शेजाऱ्याला तो वाचून दाखवून खेळायला बसवा. नंतर तोंड बंद ठेवा. निर्णय घेताना कोण किती वेळ थांबले, कुणी न वाचताच सोंगटी पुढे सरकवली, डाव संपल्यावर पुन्हा खेळू असे कोण म्हणाले, ते तारखेसह वहीत उतरवा. ती वही घेऊन पहिल्या तासाला या. आपण तिथून सुरुवात करू.